‘एक तारखेपासून इंटरनेटला पैसे’: ही अफवा उगवते कुठून, आणि ती तपासायची कशी?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय. ट्रायच्या आदेशानुसार येत्या एक तारखेपासून व्हॉट्सॲपच्या प्रत्येक मेसेजला आणि दोन हजारांवरच्या प्रत्येक यूपीआय व्यवहाराला पैसे लागणार म्हणे. मेसेज वीस जणांना पाठवला तर तुमचा नंबर ‘ॲक्टिव्ह युजर’ धरला जाईल आणि सेवा मोफत राहील. खाली लिंक होती, तिच्यावर माझ्या वडिलांनी मोबाइल नंबर भरला आणि मेसेज पुढेही पाठवला. यात काही तथ्य आहे का? आणि दर वर्ष-दीड वर्षाने असं काहीतरी येतंच, ते सुरू कुठून होतं?

उत्तर:

आधी लिंकचं बघू, कारण घाई तिथेच आहे. वडिलांनी फक्त नंबर भरला असेल आणि ओटीपी किंवा पिन दिला नसेल, ॲप उतरवून घेतलं नसेल, तर घाबरायचं कारण नाही. पुढचे काही आठवडे फसवे फोन वाढतील, एवढं गृहीत धरा. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार’ असा फोन ट्रायच्या नावाने आला तर सरळ ठेवून द्या. ट्राय कुणा ग्राहकाला फोन करून नंबर बंद करत नाही, आणि हे ट्रायने स्वतः जाहीर केलेलं आहे. त्यांच्या व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा. अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसला तर तो काढून टाका आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ओटीपी गेला असेल, एखादी एपीके फाइल (फोनमध्ये परस्पर ॲप बसवणारी) उतरवली गेली असेल किंवा खात्यातून रक्कम गेली असेल, तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा. पैसे वाटेत अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

आता मेसेजबद्दल. तो खोटा आहे, आणि त्याचा खोटेपणा त्याच्याच मजकुरात दिसतो. ट्राय ही दूरसंचार कंपन्यांची नियामक संस्था. व्हॉट्सॲपचा दर ती ठरवत नाही आणि यूपीआय तर तिच्या कक्षेतच येत नाही. यूपीआय चालवते एनपीसीआय आणि त्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची. दोन वेगळ्या घरांचा कारभार एकाच आदेशात बांधला आहे, तेव्हा तो आदेश कुठल्याही सरकारी टेबलावरून निघालेला नाही. वीस जणांना पाठवण्याची अटही तशीच. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात. तुम्ही काय लिहून पाठवलं हे कंपनीला वाचता येत नाही, मग हाच मेसेज वीस जणांना गेला की नाही हे ती मोजणार कशी? शिवाय भारतात एका वेळी पाच चॅटच्या पुढे फॉरवर्ड करता येत नाही. पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण उमटतो, आणि तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजवर तो दुहेरी बाण आहे का, एकदा बघाच.

पण ‘खोटं आहे’ एवढं सांगून थांबणं मला पटत नाही. मी बरीच वर्षं दूरसंचार कंपन्यांच्या दरपत्रकाच्या आणि बिलिंगच्या कामात काढली आहेत. काउंटरवर माणूस असा मेसेज घेऊन आला की आमची मुलं ‘अफवा आहे काका’ म्हणून त्याला वाटेला लावायची. तो जायचा, आणि पुढच्या वर्षी नव्या मेसेजसह पुन्हा यायचा. त्याच्या मनातली शंका कुणी फेडलेलीच नसायची. या अफवांच्या पोटात बहुतेक वेळा एक खरी गोष्ट असते. एक कंपनी दुसऱ्या कंपनीला देत असलेलं शुल्क तरी असतं, नाहीतर नियामकाने विचारार्थ मांडलेला कागद असतो. ती गोष्ट बातमीत येते, मथळ्यात तिचा अर्थ बदलतो, आणि फॉरवर्ड होईपर्यंत ती ‘तुमच्या खिशातून’ झालेली असते. हा रस्ता एकदा नीट पाहिला की पुढच्या वेळी आपला आपल्याला अंदाज येतो. म्हणून जरा मागे जातो.

ही अफवा व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची, अमेरिकेतली आहे. १९८० च्या दशकात तिथले लोक मोडेम लावून, टेलिफोनच्या लाइनवरून कॉम्प्युसर्व्हसारख्या ऑनलाइन सेवांना जोडून घ्यायचे. लांब पल्ल्याचे कॉल देणाऱ्या कंपन्यांना स्थानिक टेलिफोन कंपनीला दर मिनिटामागे प्रवेशशुल्क द्यावं लागे. स्थानिक कंपनीच्या तारा वापरल्याबद्दलचं ते भाडं. ऑनलाइन सेवा देणाऱ्यांना १९८३ पासून त्यातून सूट होती. १९८७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, ही सूट काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला असता तर भार शेवटी वापरणाऱ्यावरच आला असता; त्या वेळचे अंदाज तासाला चार-पाच डॉलरच्या घरात होते. लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९८८ मध्ये आयोगाने प्रस्ताव सोडून दिला. म्हणजे तेव्हाची भीती खरी होती, विरोधही योग्य होता आणि तो यशस्वीही झाला.

खरी गंमत यानंतरची. प्रस्ताव मेला, पण त्याच्याविरुद्ध लिहिलेलं आवाहन मेलं नाही. ‘आयोग गुपचूप पुन्हा मोडेमवर कर आणतोय, या पत्त्यावर पत्र लिहा’ अशा आशयाचा मजकूर तेव्हाच्या बुलेटिन बोर्डांवर (मोडेमवरून जोडून संदेश वाचायच्या आणि टाकायच्या फलकांवर) वर्षानुवर्षं फिरत राहिला. त्यावर तारीख नसायची. ‘दोन वर्षांपूर्वी आपण हे हाणून पाडलं होतं’ असं त्यात लिहिलेलं, त्यामुळे तो १९९० मध्ये वाचा की १९९५ मध्ये, ताजाच वाटायचा. अफवेचं आयुष्य वाढवायला तारीख गाळण्यासारखा दुसरा उपाय नाही. आपल्याकडच्या मेसेजमध्ये नेहमी ‘उद्यापासून’ किंवा ‘येत्या एक तारखेपासून’ असतं, आणि वर्ष मात्र कधीच नसतं. कारण हेच.

त्यात भर पडली ती फेब्रुवारी १९९९ मध्ये. एफसीसीने एक निर्णय दिला, आणि तो होता कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबाचा. एका टेलिफोन कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरच्या इंटरनेट पुरवठादाराला फोन लावतो, तेव्हा पहिल्या कंपनीने दुसरीला मोबदला द्यायचा का, आणि हा कॉल स्थानिक धरायचा की आंतरराज्यीय, एवढाच प्रश्न होता. आयोग म्हणाला, इंटरनेटचा बराचसा संपर्क आंतरराज्यीय स्वरूपाचा आहे. झालं! ‘आंतरराज्यीय’ म्हणजे लांब पल्ल्याचा आणि लांब पल्ल्याचा म्हणजे मिनिटामागे पैसे, असा अर्थ लावून ईमेल सुटले. इंटरनेट वापरावर दर मिनिटाला आकार लावायचा आमचा विचार नाही, असं आयोगाला वेगळं पत्रक काढून सांगावं लागलं.

अमेरिकेतला माणूस एवढा का घाबरला, ते आपल्या अनुभवाशी ताडून बघितलं की कळतं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं तेव्हा खात्याचे पैसे वेगळे आणि टेलिफोनच्या कॉलचे वेगळे. घड्याळाकडे बघत मेल उघडायची आपल्याला सवयच होती. तिथे मात्र लोकल कॉल बहुतेक ठिकाणी महिन्याच्या भाड्यातच बसायचा. तासन् तास लाइन जोडून ठेवणाऱ्याला ‘मिनिटामागे’ हा शब्द ऐकूनच धडकी भरणार.

त्याच १९९९ मध्ये ‘बिल ६०२ पी’ नावाचा ईमेल आला. तो मी जवळून दाखवतो, कारण तुमच्या वडिलांना आलेला मेसेज त्याच्याच कुळातला आहे. मजकूर असा होता: प्रत्येक ईमेलवर पाच सेंट कर लावणारं ६०२ पी नावाचं विधेयक येत आहे. ईमेलमुळे टपाल खात्याचं वर्षाला तेवीस कोटी डॉलरचं नुकसान होतं, ते त्यातून भरून काढायचं. इंटरनेट पुरवठादार ही रक्कम ग्राहकाकडून वसूल करतील. टोनी श्नेल नावाचा, अमेरिकेच्या काँग्रेसचा म्हणजे तिथल्या संसदेचा सदस्य तर याहून जास्त, महिन्याला वीस ते चाळीस डॉलर अधिभार सुचवतो आहे, आणि रिचर्ड स्टेप नावाचा वकील फुकट काम करून हे थांबवायची धडपड करतो आहे. दिवसाला दहा ईमेल धरले तर वर्षाचे एकशे ऐंशी डॉलर होतात, हा हिशेबसुद्धा करून दिला होता.

यातलं एकही नाव खरं नव्हतं. टोनी श्नेल नावाचा सदस्य काँग्रेसमध्ये नव्हता. विधेयकाचा क्रमांकच अशक्य होता: अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातलं विधेयक ‘एच. आर.’ने आणि सिनेटमधलं ‘एस.’ने सुरू होतं, शेवटी ‘पी’ लागत नाही. हाच मजकूर आधी कॅनडाच्या नावाने फिरलेला होता. तिथे संसद कॅनडाची आणि टपाल खातंही कॅनडाचं होतं, क्रमांक मात्र हाच. कुणीतरी देश बदलून पुढे ढकलला.

तरीही तो चालला, कारण लिहिणाऱ्याला माणूस कळत होता. त्यात एक ओळखीची सरकारी संस्था आहे आणि तिचं नुकसान हे पटण्याजोगं कारण आहे. लहान रकमेचा मोठा हिशेब आहे. एक खलनायक आहे, एक निःस्वार्थी वकील आहे. आणि वाचणाऱ्याला करायला एक सोपं काम आहे: पुढे पाठवा. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट निवडणुकीत हिलरी क्लिंटन आणि रिक लॅझिओ यांच्या टीव्हीवरच्या वादफेरीत या ‘६०२ पी’वर प्रश्न विचारला गेला, आणि अस्तित्वात नसलेल्या या विधेयकाला दोघांनीही विरोध दर्शवला! त्याच वर्षी मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने इंटरनेट जोडणीवर मिनिटामागे शुल्क लावायला बंदी घालणारं विधेयक संमत केलं होतं. ते पुढे कायदा झालं नाही. पण अफवेने संसदेचं कामकाज हलवलं, इतकी तिची ताकद.

आपल्याकडे पूर्वी देवाच्या नावाने पोस्टकार्डं यायची, अकरा जणांना हेच लिहून पाठवा म्हणून. पाठवणाऱ्याचं भलं आणि फाडणाऱ्याचं वाईट. साचा तोच. फक्त कृपा आणि कोप यांच्या जागी ‘मोफत’ आणि ‘पैसे लागतील’ आले.

आता आपल्या घरातल्या अफवांकडे येतो.

व्हॉट्सॲपचं बीज खरं होतं. हे ॲप सुरुवातीची काही वर्षं फुकट नव्हतं: पहिलं वर्ष मोफत आणि पुढे वर्षाला एक डॉलरच्या आत वर्गणी, असा त्यांचा नियम होता. आपल्याकडे फार थोड्यांनी ती भरली, कारण मुदत बहुतेक वेळा आपोआप वाढवून मिळायची. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने वर्गणी कायमची बंद केल्याचं जाहीर केलं. ‘तुमची मुदत संपत आली आहे’ ही सूचना मात्र लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. त्याच आठवणीवर ‘जिम बाल्सॅमिक’ या काल्पनिक सीईओचा मेसेज पोसला गेला. इतक्या जणांना पाठवा, मग तुमचं चिन्ह निळं होईल आणि सेवा फुकट राहील, असा त्याचा सूर. आजही एक खरा धागा आहे. बँका, दुकानं, कंपन्या ग्राहकांना व्हॉट्सॲपवरून व्यावसायिक संदेश पाठवतात त्याचे पैसे त्या कंपन्या मोजतात. त्या दरांत बदल झाला की बातमी येते ‘व्हॉट्सॲपने मेसेजचे दर वाढवले’, आणि आपल्या काकांना वाटतं की आपल्या सुप्रभातला पैसे पडणार.

यूपीआयचं प्रकरण जास्त नीट समजून घ्या, कारण ते परत येणार आहे. मार्च २०२३ मध्ये एनपीसीआयच्या एका परिपत्रकाची बातमी फुटली: दोन हजारांवरच्या यूपीआय व्यवहारांवर १.१ टक्क्यांपर्यंत शुल्क, १ एप्रिलपासून. आकडा आणि तारीख दोन्ही खरे होते. गाळलं गेलं ते सगळ्यात महत्त्वाचं: हे फक्त वॉलेटसारख्या प्रीपेड साधनातून दुकानदाराला केलेल्या व्यवहारांना लागू होतं, आणि ते देवाणघेवाण शुल्क होतं. आकड्यांत पाहू. समजा तुम्ही वॉलेटमधल्या पैशातून, क्यूआर स्कॅन करून, तीन हजारांची साडी घेतली. १.१ टक्क्याने तेहतीस रुपये होतात. ते दुकानदाराच्या बाजूची बँक वॉलेट चालवणाऱ्या कंपनीला देणार. तुमच्या वॉलेटमधून तीन हजारच जाणार, तेहतीस रुपये तुमच्याकडून कुणी मागणार नाही. आणि तुम्ही नेहमीसारखं बँकखात्यातून यूपीआय केलं असेल तर हे परिपत्रक तुमच्या व्यवहाराला शिवतच नाही. एनपीसीआयने २९ मार्चला खुलासा काढला त्यात म्हटलं होतं की ९९.९ टक्के यूपीआय व्यवहार बँकखात्यातूनच होतात.

परत येणार असं का म्हणतो? जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं व्यापारी शुल्क, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, सरकारने शून्य केलं. व्यवस्था चालवायला खर्च येतो, तो सरकार बँकांना प्रोत्साहन निधी देऊन अंशतः भरतं, आणि मोठ्या दुकानदारांकडून तरी थोडं शुल्क घेऊ द्या अशी या व्यवसायातल्या लोकांची मागणी अधूनमधून असतेच. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने शुल्कांबाबत चर्चापत्र काढलं तेव्हा अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये दोन हजारांवर जीएसटीची अफवा आली आणि जूनमध्ये तीन हजारांवर व्यापारी शुल्काची, तेव्हाही तेच. वाद जिवंत आहे, म्हणून अफवेलाही खतपाणी मिळत राहतं.

ट्रायचं नाव तुमच्या मेसेजमध्ये का आलं असावं, त्यालाही मागचा संदर्भ आहे. जून २०२४ मध्ये ट्रायने राष्ट्रीय क्रमांक योजनेवर चर्चापत्र काढलं. टेलिफोन नंबर ही मर्यादित सार्वजनिक संपत्ती आहे, तिचा नीट वापर व्हावा म्हणून शुल्काचा उपाय असावा का, इतर देशांत काय करतात, अशी त्यात चर्चा होती. आठवडाभरात बातम्या आल्या की दोन सिम ठेवणाऱ्यांना पैसे पडणार. १४ जूनला ट्रायने हे धादांत खोटं असल्याचं पत्रक काढलं. १९९९ च्या अमेरिकेत जे घडलं तेच इथे घडलं. चर्चापत्रात प्रश्न विचारलेले असतात, आणि मथळ्यात त्यांची उत्तरं झालेली असतात.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. ‘कंपन्यांच्या आपसातलं शुल्क आहे, आपल्याला काय?’ असं म्हणून दर वेळी निर्धास्तही होता येत नाही. ऑक्टोबर २०१९ आठवा. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर कॉल गेला की पहिल्या कंपनीने दुसरीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे, असा तेव्हा आंतरजोडणीचा नियम होता. जिओने ते सहा पैसे ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२१ ला आंतरजोडणी शुल्क शून्य होईपर्यंत ते चालू होतं. तोवर ‘कॉल कायम मोफत’ या शब्दावर विसंबलेल्या लोकांना तो धक्काच होता. कंपन्यांमधला हिशेब कधी कधी खरोखर ग्राहकापर्यंत झिरपतो. फक्त तो झिरपतो तेव्हा कंपनी स्वतःच्या नावाने, दर आणि तारीख सांगून जाहीर करते.

सरकारांनीही इंटरनेट वापरावर खरोखर कर लावल्याची किंवा लावू पाहिल्याची उदाहरणं आहेत. हंगेरीने २०१४ मध्ये गिगाबाइटमागे दीडशे फोरिंटचा कर सुचवला आणि बुडापेस्टमध्ये रस्ते भरून लोक उतरल्यावर मागे घेतला. युगांडात जुलै २०१८ पासून सोशल मीडिया वापरायला रोज दोनशे शिलिंग पडू लागले. लेबनॉनमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलवरच्या शुल्काचा निर्णय हा मोठ्या आंदोलनाची ठिणगी ठरला. म्हणजे भीती निराधार नाही.

आणि आपल्याकडचं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण तर अफवा नव्हतंच. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळा डेटा दर लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच थांबवलं. पाठोपाठ, मार्च २०१५ मध्ये ट्रायचं चर्चापत्र आलं. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांचं नियमन करावं का, वेगवेगळ्या सेवांना डेटाचे वेगवेगळे दर असावेत का, असे वीस प्रश्न त्यात होते. तेव्हाही मेसेज फिरले, लोकांनी एकमेकांना पाठवले, आणि ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुराप्रमाणे डेटाचे दर बदलण्यावर बंदी आली. हा तुमचा-माझा विजय होता, आणि तो फॉरवर्ड करूनच मिळालेला होता.

मग २०१५ चा मेसेज आणि वडिलांचा मेसेज यांत फरक काय? मला विचाराल तर सगळं मर्म याच फरकात आहे. त्या वेळी फिरणाऱ्या आवाहनात चर्चापत्राचं नाव होतं, ते वाचायची जागा होती, हरकत नोंदवायचा पत्ता होता आणि शेवटची तारीख होती. तो मेसेज तुम्हाला मूळ कागदाकडे नेत होता. वडिलांना आलेला मेसेज ग्रुपमधल्या पुढच्या माणसाकडे नेतो, किंवा लिंककडे. खोट्या मेसेजचं खरं नुकसान मला हेच वाटतं. दहा वेळा ‘लांडगा आला’ ऐकून कंटाळलेला माणूस, खरं चर्चापत्र येतं आणि हरकतीची मुदत चालू असते, तेव्हा ते उघडूनही बघत नाही.

तपासायचं कसं, तर मी स्वतः एकच प्रश्न आधी विचारतो: पैसे कोण देणार, आणि कुणाला? मेसेजमध्ये ‘शुल्क लागणार’ असतं, पण देणारा आणि घेणारा दोघंही गायब असतात. त्यांची नावं शोधायला गेलात की निम्म्या अफवा तिथेच संपतात. त्यानंतर कागद शोधायचा. ट्रायची चर्चापत्रं, प्रसिद्धिपत्रकं, नियम सगळे तिच्या संकेतस्थळावर तारखेसह असतात. एनपीसीआय आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रकंही. सरकारच्या नावावर खपवलेला मेसेज असेल तर पीआयबी फॅक्ट चेककडे (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तपासणी विभागाकडे) पाठवता येतो. प्रक्रिया माहीत असली तर आणखी सोपं जातं. ट्रायचं काम चर्चापत्र, त्यावर सूचना, सूचनांवर प्रतिसूचना, मग खुली चर्चा आणि त्यानंतर नियम किंवा सरकारला शिफारस, या क्रमाने जातं. त्यात महिने जातात. ‘काल रात्री ट्रायने आदेश काढला, उद्यापासून लागू’ हे त्या कार्यपद्धतीत बसत नाही.

पण ज्या दिवशी खरोखर खिशाला चाट बसते तो दिवस वेगळाच असतो. मोबाइलचे दर ट्राय ठरवत नाही, कंपन्या ठरवतात, आणि मग ट्रायला कळवतात. जून २०२४ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दरवाढ जाहीर केली आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ती लागू झाली. जिओचा अठ्ठावीस दिवसांचा, रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ ला गेला. गुप्त आदेश नाही, वीस जणांना पाठवायची अट नाही. कंपनीने उघडपणे सांगितलं आणि पुढच्या रिचार्जला साठ रुपये जास्त गेले. ज्यांनी वाढीआधी जुन्या दराने मोठं रिचार्ज मारून ठेवलं, त्यांचे पैसे वाचले. वडिलांना सावध राहायचंच असेल तर या बातम्यांवर लक्ष ठेवायला सांगा. काही ॲप्स रिचार्ज करताना ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून काही रुपये जास्त घेतात, तेही पैसे भरायच्या आधी पडद्यावर बघायला सांगा. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून रिचार्ज केलं तर ते सहसा टळतात.

एक विनंती. वडिलांना ग्रुपमध्ये सगळ्यांदेखत खोडू नका. त्यांनी मेसेज पाठवला तो आपल्या माणसांचे पैसे वाचावेत म्हणून. घरी शेजारी बसा, त्यांच्याच फोनवर दुहेरी बाण दाखवा, साडीचे तेहतीस रुपये कागदावर मांडून दाखवा. मग ग्रुपवर खुलासा त्यांच्याच नावाने जाऊ द्या. मजकूर हवा असेल तर हा घ्या:

‘मंडळी, शुल्काचा जो मेसेज मी पाठवला होता तो तपासला, तो खरा नाही. व्हॉट्सॲप आपल्यासाठी मोफत आहे आणि बँकखात्यातून यूपीआय करायला पैसे लागत नाहीत. त्या मेसेजमधली लिंक कुणी उघडली असेल, त्यात ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. कुणाला मदत लागली तर मला फोन करा, मी घरीच आहे.’